नर्सरीतून आणलेली करवंदाची रोपं : नागपूरच्या उन्हात कशी निघाली

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांचं काम होऊन जाईल. प्लॉटला कुंपण पाहिजे, पाण्याची बोंब आहे आणि मे महिन्यात घराला कुलूप लावून गावाला जायचं आहे, असं असेल तर करवंद डोळे झाकून घ्या, पाचपैकी पाच. नुसत्या फळांसाठी घेत असाल तर साडेतीन. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत लावायचं म्हणत असाल तर दोन, त्यापेक्षा लिंबू लावा, काटे तेवढेच टोचतील पण निदान पोह्यांवर पिळायला तरी कामी येईल. नर्सरीला चार. एक स्टार काहून कापला ते खाली येतंच आहे.

नर्सरी रिंग रोडच्या बाहेर आहे, नाव लिहीत नाही कारण तक्रार एक आहे आणि माणसं बाकी चांगली आहेत. आमचा प्लॉट बेसाच्या बाजूला, पक्की काळी माती, तीन बाजूंनी मोकळं, आणि गायी अशा बिनधास्त आत येतात की जणू रजिस्ट्री त्यांच्याच नावावर आहे. वॉल कंपाउंडचं कोटेशन काढलं होतं, ते पाहून आमचे हे दोन दिवस बोललेच नाहीत. मग सासूबाई म्हणाल्या की आमच्या वेळी शेताला करवंद नाहीतर सागरगोटीची काटेरी वेल लावत, गुरं काय डुक्कर पण वाकडं पाहत नसे. सागरगोटी माझ्या ऐकण्यात होती, पण पोरं खेळतात तिथे ती नको म्हटलं. करवंदाला निदान फळ तरी खाता येतं.

आता नर्सरीत काय मिळतं ते. करवंदाची रोपं तिथे दोन तऱ्हेची होती. एक बियांपासून केलेली, काळ्या पिशवीत, टोंगळ्याएवढी (गुडघ्याएवढी), चाळीस रुपयाला एक. दुसरी गुटीची, म्हणजे झाडाच्या फांदीवरच साल काढून, शेवाळ गुंडाळून, मुळं फुटली की कापून घेतलेली, ती दीडशेला. साहजिकच आपल्याला वाटतं महाग म्हणजे चांगलं. पण तिथे एक मामा कामाला आहेत, सावनेरकडचे, त्यांनी आधी विचारलं, "ताई, फयासाठी नेता का कुंपनासाठी?" कुंपणासाठी म्हटल्यावर सरळ सांगितलं, "मंग गुटी काहून नेता, बियाची न्या, तिची सोट मूय खाली जाते, पानी कमी लागते." दीडशेचं गिऱ्हाईक चाळीसवर आणणारा माणूस मी नागपुरात तरी दुसरा पाहिला नाही. आणि मामांचं म्हणणं बरोबर आहे, गुटीच्या किंवा कटिंगच्या रोपाला सोटमूळ नसतं, मुळं आडवी पसरतात, फळ जरा लवकर येतं आणि आईच्या झाडासारखंच येतं, पण दुष्काळात टिकायचं काम सोटमुळाचं. फळांसाठी दोनच झाडं पाहिजे असतील तर गुटी घ्या, ओळच्या ओळ लावायची असेल तर बियांची.

त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली ती खूप कामाची आहे. मी आपली सगळ्यात उंच, भरदार रोपं बाजूला काढून ठेवत होते. मामांनी त्यातलं एक उचललं, ब्लेडनं पिशवी उभी चिरली आणि मातीचा गोळा माझ्यापुढे धरला. तळाशी मुळं जाड होऊन गोल गोल फिरलेली, पिवळसर, एकात एक अडकलेली, आणि सोटमूळ पिशवीच्या बुडाशी जाऊन काटकोनात वळलेलं. "हे पिशवीत म्हातारं झालं, आता जमिनीत गेलं तरी असंच गोल फिरन," म्हणाले. मग शेजारच्या वाफ्यातलं छोटं, वीतभर उंच, ते चिरून दाखवलं, त्याचं मूळ पांढरं आणि सरळ. आम्ही सगळी छोटीच घेतली. चिरलेल्या दोन्ही पिशव्यांचे पैसे त्यांनी लावले नाहीत. नर्सरीत गेलात तर पिशवीच्या खालून भोकातून जाड मुळं बाहेर लोंबत असतील ते रोप घेऊ नका, मग ते करवंद असो की आंबा.

आता कापलेला स्टार. गेटजवळच, ऑफिसच्या समोर, छान सिरॅमिकच्या कुंड्यांमध्ये 'हायब्रिड करवंद' म्हणून एक झाड ठेवलेलं आहे, दोनशे वीस रुपये. पानं गोल, जाड, तेल लावल्यासारखी चकचकीत, फूल पांढरं चांदणीसारखं पण आपल्या करवंदाच्या दुप्पट-तिप्पट मोठं. हे करवंद नाहीच. हे नेटाल प्लम, कॅरिसा मॅक्रोकार्पा, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. आपलं करवंद कॅरिसा कॅरंडास. चुलत भाऊ म्हणा, पण वेगळं झाड. त्याचं फळ लाल, मोठं, पिकल्यावर खाता येतं, झाड दिसायलाही सुंदर आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, पण लोणच्याचं करवंद समजून कोणी दोनशे वीस मोजून नेलं तर ते फसवणूकच झाली ना. मी मालकाच्या मुलाला सांगितलं तर तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "मॅडम, एकच असते ते." एकच नसते भाऊ. ओळखायचं तर पानावरून आणि फळावरून ओळखा, काट्यावरून नको, कारण टोकाला दोन फाटे असलेला काटा नेटाल प्लमला असतो आणि आपल्या करवंदालाही कधीकधी येतो.

व्हरायटीचं विचाराल तर नर्सरीत एवढाच प्रश्न येतो की काळं का गुलाबी. काळं म्हणजे जंगली, जे मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलात आणि सह्याद्रीत आपोआप येतं, कच्चं असताना हिरवं आणि पिकून काळंभोर होतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पळसाच्या द्रोणात विकायला येतं. पुण्या-मुंबईचे लोक त्यालाच डोंगरची काळी मैना म्हणून गळा काढतात. गुलाबी म्हणजे पांढऱ्या फळावर गुलाबी झाक, फळ मोठं, बर्डीत (सीताबर्डीत) आणि गोकुळपेठच्या बाजारात पावसाळ्यात करोंदा म्हणून लोणच्यासाठी येतं ते. नाव असलेल्या जाती आहेत, पंतनगरच्या विद्यापीठानं काढलेल्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्ण, आणि आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड. पण पाटी लावून या जाती विकणारं मला इथे कोणी दिसलं नाही, आणि बियांपासून केलेलं रोप हुबेहूब आईसारखं येत नाही, त्यामुळे बियांच्या रोपाला कोणी पंत मनोहर म्हणून जास्त रेट सांगत असेल तर हसून पुढे जा. आम्ही कुंपणाला काळं आणि किचनच्या मागे गुलाबीच्या दोन गुट्या, असं घेतलं.

आता लावायचं कसं, कारण खरा खेळ इथेच आहे. करवंद उन्हानं मरत नाही. नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायची गरज नाही, २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ ला टेकला होता, आणि दरवर्षी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की आपण सगळे कूलरसमोरून हलत नाही. असल्या उन्हात आमची जास्वंद करपली, मोगऱ्यानं माना टाकल्या, शेजारच्या काकूंचं महागडं लॉन तर पिवळं पडून शेवटी उकरून टाकावं लागलं, आणि करवंद हिरवंगार. पानं जाडसर, चिवट, तोडलं की पांढरा चीक, कण्हेर-रुई-सदाफुलीच्या कुळातलंच हे, त्या कुळाला ऊन मानवतं. करवंद मरतं ते पावसाळ्यात. म्हणजे ऑगस्टमध्ये जेव्हा आपल्याला वाटतं की आता काय, आता तर पाऊस आहे, झाडं मजेत असतील, तेव्हा काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, खाली जाऊच देत नाही, आणि उन्हाळ्यात तीच माती तळहात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात. मुरमाड, खडकाळ, पडीक जमीन असेल तर करवंदाला काहीच करावं लागत नाही, हिंगण्याच्या बाजूला मुरमाड प्लॉट असणारे नशीबवान. पण बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर या बाजूच्या लोकांनी जरा मेहनत घ्या.

आम्ही काय केलं तर सीमेच्या आत दीड-दोन फूट जागा सोडून (हे आठवणीनं करा, झाड पसरतं आणि मग शेजाऱ्यांशी भांडण होतं) दीड फूट खोल चर खणला, निघालेल्या काळ्या मातीत जवळपास तेवढाच मुरूम मिसळला, वर चांगलं कुजलेलं शेणखत, आणि हे सगळं परत भरताना जमिनीच्या वर वीतभर उंच वरंबा केला. रोप वरंब्यावर, पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाणार. मुरूम कुठून आणायचा तर जिथे कुठे बांधकाम चालू आहे तिथे विचारा, अर्धा ट्रॅक्टर सहज मिळतो. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर ठेवा, त्याहून जवळ लावली तर लवकर दाट होतात पण पुढे आतून सुकतात. फळांसाठीचं झाड वेगळं लावत असाल तर आजूबाजूला आठ-दहा फूट मोकळं पाहिजे, दोन फुटांचा खड्डा, एक टोपलं शेणखत. जून संपता संपता, एक-दोन दमदार पाऊस पडून जमीन खोलवर भिजली की लावायचं. मृगाच्या पहिल्या सरीला उड्या मारत लावू नका, नागपुरात त्यानंतर बरेचदा आठ-पंधरा दिवस परत ऊन तापतं.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात द्यावंच लागतं. आठ-दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर, बुडाशी, आणि वर वाळलेलं गवत नाहीतर तणसाचं आच्छादन. रोज मगभर पाणी टाकायची सवय असेल तर ती मोडा, वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात आणि झाड लाडावतं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही महिन्यातून एखाद्या वेळी पाहून देतो. आणि एक इथलीच युक्ती, कूलरच्या टाकीत तळाशी जे खारट गढूळ पाणी उरतं, जे दुसऱ्या झाडांना टाकलं तर पानांच्या कडा जळतात, ते आम्ही पाइप लावून करवंदाच्या ओळीत सोडतो. थोडा खारेपणा करवंद सोसून घेतं. विदर्भात घरोघरी कूलर आहे, ते पाणी नालीत सोडण्यापेक्षा हे बरं.

बियांपासून घरी करायचं असेल तर तेही सोपं आहे, फक्त एक गोष्ट पाळा, बी ताजंच पाहिजे. पिकलेलं फळ खाल्लं, बी धुतलं, सावलीत एखाद-दोन दिवस कोरडं केलं आणि लगेच पेरलं, तर पंधरा-वीस दिवसांत कोंब दिसायला लागतात. डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही. ऑनलाइन पाकिटात 'करवंद सीड्स, शंभर नग' वगैरे जे विकतात ते कधीचे आहेत देव जाणे, त्याला माझ्याकडून शून्य.

छाटणीबद्दल जरा मोठं लिहिते कारण ऐंशी टक्के माळी इथेच वाट लावतात. करवंदाला फुलं फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येतात. आणि माळी काय करतो, मेंदीच्या कुंपणासारखी मोठी कात्री घेऊन फुलं यायच्या तोंडावर वरून सपाट तासून काढतो. दिसतं मस्त, फोटो काढण्यासारखं, पण सगळे शेंडेच गेले तर फुलं कुठे येणार, आणि मग लोक म्हणतात आमच्या करवंदाला फळच धरत नाही. फळं उतरून झाली की मगच कापा. पहिली दोन वर्षं मात्र मुद्दाम शेंडे खुडायचे, तेव्हा फळांची आशा नसतेच आणि बुडापासून फांद्या फुटून कुंपण खालून भरतं. खालून भरलं नाही तर कुत्री आरामात आत येतात. तिसऱ्या वर्षापासून बियांच्या झाडांना थोडीफार फळं दिसायला लागतात. फुलांचा वास जाईसारखा, संध्याकाळी गेट उघडलं की येतो, हा फायदा नर्सरीवाल्यानं सांगितला नव्हता.

काट्यांचं मात्र हलक्यात घेऊ नका. काटा म्हणजे गोणी शिवायचा दाभण, जोडीनं येतो, आणि छाटलेली फांदी वाळली की अजून कडक होते. छाटणीनंतर एकूण एक काडी उचलून घ्या, आमच्या घरच्या अॅक्टिव्हाचं मागचं चाक आणि समोरच्या पोरांचे दोन फुटबॉल यात गेलेले आहेत. चामड्याचे हातमोजे घेतल्याशिवाय हात घालू नये. पहिल्या वर्षी बकऱ्या कोवळे शेंडे खुडतात, तोपर्यंत बाभळीच्या फांद्या नाहीतर हिरवी जाळी आडवी लावावी लागते, म्हणजे कुंपणालाच कुंपण, हे काही मला पटलं नाही पण दुसरा इलाज नाही. आणि घाई असणाऱ्यांनी हे घेऊच नये, गाय अडेल एवढं दाट व्हायला चांगली तीन वर्षं जातात. कोणी वर्षभरात भिंत तयार होते म्हणत असेल तर त्याला त्याची भिंत दाखवायला सांगा.

फळांचं आता. काळं पिकलेलं करवंद तोंडात टाकलं की आधी आंबट, मग गोड, मग ओठांना चिकट चीक, आणि आत बिया. लहान पोरांना आवडतं, मोठ्यांना आठवणी येतात म्हणून आवडतं, प्रामाणिकपणे सांगायचं तर बाजारात द्राक्षं असताना कोणी वाटीभर खात बसत नाही. म्हणून साडेतीन. एका वाढलेल्या झाडाला चार-पाच किलो फळ येतं म्हणतात, आमच्याकडे त्यातला चांगला हिस्सा बुलबुल नेतात, आणि त्यांना हाकलायला काट्यात कोण शिरणार.

पण गुलाबी करवंद कच्चं उतरवून स्वयंपाकघरात आणलं की गोष्ट बदलते. तोडल्यावर देठातून दुधासारखा चीक येतो, हाताला तेल चोळून घ्यायचं, नाहीतर तो डिंकासारखा बसतो आणि साबणानं निघत नाही. फळं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची, उभी दोन भागांत चिरून टोकानं बिया काढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, टीव्हीसमोर बसून करायचं. मग मोहरीची डाळ, तिखट, हळद, मीठ, हिंगाची फोडणी आणि गूळ घालून लोणचं, ते चार-सहा दिवसांत मुरतं, कैरीसारखी महिनाभर वाट पाहत नाही. आणि चटणी, कच्ची करवंदं, हिरव्या मिरच्या, सांबार (म्हणजे कोथिंबीर), जिरं, गूळ, मीठ, पाट्यावर नाहीतर मिक्सरला जाडसर. भाकरीबरोबर ही चटणी असली की आमच्याकडे भाजी कोणी मागत नाही. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जेली वेगळं काही न टाकता घट्ट बसते. आणि केकवर, पानात, आइस्क्रीमवर ती जी लालभडक चेरी असते ना, ती बरेचदा करवंदच असते, बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून, रंग टाकलेली. आपल्या भागातल्या बेकरीतली चेरी एकदा चिरून नीट पाहा.

कुंडीचे दोन स्टार का, तर झाडाची सगळी ताकद खोल जाणाऱ्या मुळात आणि कुंडीत ते मूळच कोंडलं जातं, मग ते पिशवीतल्या म्हाताऱ्या रोपासारखं गोल फिरत बसतं, पाणी रोज मागतं, आणि बाल्कनीत वाळत घातलेली साडी फाडतं ती वेगळी. ज्यांना कुंडीतच पाहिजे त्यांनी ते नेटाल प्लम घ्या, पण त्याचं नाव माहीत असताना घ्या.

नर्सरीबद्दल राहिलेलं. रोपं सगळी निरोगी निघाली, जी थोडी गेली ती सगळी वरंबा नीट न झालेल्या, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातली, म्हणजे दोष रोपाचा नव्हता, तरी मामांनी बदल्यात दोन दिली. शेणखताची पोती पण ठेवतात पण ते पूर्ण कुजलेलं नसतं, हात घातला तर गरम लागतं, ते घेऊ नका, गोठ्यावरून जुनं आणा. यूपीआय चालतं, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. ओळीनं लावायला जास्त रोपं घेतली तर भाव करा, चाळीसचे तीस होतात, मालकाशी बोला, मुलाशी नको. पार्किंग रस्त्यावरच आहे आणि ट्रक जोरात जातात, पोरांना सांभाळा. जुलैमध्ये वृक्षारोपणवाल्यांची झुंबड असते, चांगली छोटी रोपं तेव्हाच संपतात, म्हणून जूनच्या सुरुवातीला जाऊन निवडून ठेवा आणि घरी सावलीत ठेवून पाऊस पडल्यावर लावा. कारनं आणणार असाल तर सोबत दोन-तीन रिकामी पोती न्या आणि रोपं त्यात उभी गुंडाळून डिकीत ठेवा, मागच्या सीटवर ठेवाल तर सीट कव्हर नवीन घ्यावं लागेल.